झहीर खान

झहीर खान (जन्म : ७ ऑक्टोबर १९७८, श्रीरामपूर, जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) हा भारताचा माजी क्रिकेटपटू आहे. डावखुरा मध्यम-जलदगती गोलंदाज म्हणून त्याने २००० ते २०१४ या काळात भारताचे प्रतिनिधित्व केले. ९२ कसोटी सामन्यांत ३११ आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी त्याच्या नावावर आहेत. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या जलद माऱ्याचे नेतृत्व त्याने केले आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्या गोलंदाजांमध्ये संयुक्तपणे पहिले स्थान मिळवले. निवृत्तीच्या वेळी भारताच्या वेगवान गोलंदाजांमध्ये कसोटी बळींच्या संख्येत तो कपिल देव यांच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर होता.

त्याच्या कारकिर्दीचे सरळ दोन भाग पडतात. २००६ मध्ये भारतीय संघातील स्थान गमावल्यानंतर त्याने इंग्लंडमधील वूस्टरशायर काउंटीकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून एक संपूर्ण हंगाम खेळून काढला. या हंगामाआधीचा झहीर वेगवान परंतु बेभरवशाचा गोलंदाज मानला जात असे. नंतरचा झहीर चेंडूवर हुकमत असलेला, माऱ्याची आखणी करणारा आणि तरुण गोलंदाजांना मार्ग दाखवणारा गोलंदाज म्हणून ओळखला गेला.

प्रारंभिक जीवन

झहीरचा जन्म श्रीरामपूर येथे बख्तियार खान आणि झाकिया खान या दांपत्याच्या पोटी झाला. झीशान आणि अनीस हे त्याचे दोन भाऊ. श्रीरामपूर हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील, साखर कारखानदारी आणि बाजारपेठ यांवर वाढलेले तालुक्याचे गाव असून तेथील रेल्वे स्थानक आजही बेलापूर या नावाने ओळखले जाते. हिंद सेवा मंडळाच्या न्यू मराठी प्राथमिक शाळेत त्याचे प्राथमिक, तर के. जे. सोमय्या माध्यमिक विद्यालयात माध्यमिक शिक्षण झाले. गावातील रिमाइंडर स्पोर्ट्स क्लबमधून त्याने क्रिकेट खेळण्यास सुरुवात केली.

त्या काळी महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत क्रिकेट प्रामुख्याने टेनिस चेंडूवर खेळले जाई. टर्फची खेळपट्टी, चामडी चेंडूवरचा नियमित सराव आणि प्रशिक्षक या सोयी मुंबई-पुण्यासारख्या शहरांतच उपलब्ध होत्या. त्यामुळे गुणवान खेळाडूला पुढे जायचे तर गाव सोडण्यावाचून पर्याय नसे. अभ्यासातही चांगली गती असलेल्या झहीरसमोर अभियांत्रिकी शिक्षणाचा मार्ग होता. परंतु वडिलांनी त्याचा क्रिकेटकडील ओढा ओळखला आणि वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते त्याला मुंबईला घेऊन आले.

मुंबई, चेन्नई आणि बडोदा

मुंबईत झहीर नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये दाखल झाला. भारताचे माजी कसोटीपटू सुधीर नाईक तेथे मार्गदर्शन करत. पुरुषोत्तम शील्ड स्पर्धेत शिवाजी पार्क जिमखान्याविरुद्ध घेतलेल्या ७ बळींमुळे तो मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात प्रथम चर्चेत आला. त्यानंतर मुंबई आणि पश्चिम विभागाच्या १९ वर्षांखालील संघांत त्याची निवड झाली.

माजी वेगवान गोलंदाज टी. ए. शेखर यांनी त्याची गुणवत्ता हेरली आणि त्याला चेन्नई येथील एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये प्रवेश मिळाला. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली या संस्थेत वेगवान गोलंदाजांना शिकवत असत. उशिरा चामडी चेंडू हाती घेतलेल्या झहीरचे शास्त्रशुद्ध शिक्षण खऱ्या अर्थाने येथेच झाले. २००० मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या पहिल्या तुकडीतही त्याचा समावेश होता.

मुंबईच्या वरिष्ठ संघात जागा मिळणे कठीण असल्याने त्याने बडोद्याकडून खेळण्याचा निर्णय घेतला आणि १९९९–२००० च्या हंगामात प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. २०००–०१ च्या रणजी करंडक अंतिम सामन्यात बडोद्याने रेल्वेवर २१ धावांनी मात केली. या सामन्यात झहीरने एकूण ८ बळी घेतले, त्यांपैकी ५ बळी दुसऱ्या डावात ४३ धावांच्या मोबदल्यात मिळाले होते. सामनावीराचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

आंतरराष्ट्रीय पदार्पण आणि पहिला टप्पा

३ ऑक्टोबर २००० रोजी नैरोबी येथे आयसीसी नॉकआउट स्पर्धेत केनियाविरुद्ध झहीरने पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि ४८ धावांत ३ गडी बाद केले. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याचा यॉर्करवर उडवलेला त्रिफळा अनेकांच्या स्मरणात राहिला. १० नोव्हेंबर २००० रोजी ढाका येथे सुरू झालेल्या सामन्यात त्याने कसोटी पदार्पण केले. बांगलादेशाच्या इतिहासातील तो पहिलाच कसोटी सामना होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जोधपूर येथे झिम्बाब्वेच्या हेन्री ओलोंगाला सलग चार षटकार मारून त्याने फलंदाजीतही लक्ष वेधून घेतले.

जवागल श्रीनाथ यांच्या कारकिर्दीची अखेर जवळ येत असताना भारतीय संघ त्यांच्यानंतरच्या वेगवान गोलंदाजाच्या शोधात होता. सौरव गांगुली यांच्या नेतृत्वाखाली झहीर आणि आशिष नेहरा या दोन डावखुऱ्या गोलंदाजांनी ही जागा भरून काढली. लॉर्ड्सवरील २००२ च्या नॅटवेस्ट मालिकेच्या अंतिम सामन्यात भारताने ३२६ धावांचे लक्ष्य गाठले, त्या क्षणी मोहम्मद कैफसोबत खेळपट्टीवर झहीर होता. त्याच वर्षाअखेरीस न्यूझीलंड दौऱ्यावर, हॅमिल्टन कसोटीत त्याने २९ धावांत ५ गडी बाद केले.

२००३ च्या विश्वचषकात ११ सामन्यांत १८ बळी घेऊन तो स्पर्धेतील आघाडीच्या गोलंदाजांमध्ये राहिला. सेंच्युरियन येथे न्यूझीलंडविरुद्ध त्याने ४२ धावांत ४ बळी मिळवले. तथापि जोहान्सबर्ग येथील अंतिम सामन्याने या यशावर सावट आणले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिलेच षटक टाकताना त्याने वाइड आणि नोबॉलसह १५ धावा दिल्या. एकूण ७ षटकांत त्याला ६७ धावा मोजाव्या लागल्या आणि भारताचा पराभव झाला.

दुखापती आणि संघाबाहेर

डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत झहीरने ९५ धावांत ५ बळी घेतले. मात्र त्याच सामन्यात मांडीच्या मागील स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला झालेल्या दुखापतीने त्याची लय खंडित केली. पुढची दोन वर्षे तो संघात येत-जात राहिला. दरम्यान डिसेंबर २००४ मध्ये ढाका येथे बांगलादेशाविरुद्ध अकराव्या क्रमांकावर फलंदाजीस येऊन त्याने ७५ धावा केल्या आणि सचिन तेंडुलकरसोबत शेवटच्या गड्यासाठी १३३ धावांची भागीदारी रचली. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची ती कसोटीतील तोपर्यंतची सर्वोच्च धावसंख्या होती. परंतु ज्या कामासाठी तो संघात होता, त्या गोलंदाजीत सातत्य दिसत नव्हते.

याच काळात इरफान पठाण, मुनाफ पटेल, एस. श्रीशांत आणि रुद्रप्रताप सिंग असे तरुण जलद गोलंदाज पुढे आले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या वार्षिक करारांत झहीरला ‘क’ श्रेणीत ठेवण्यात आले. २००६ च्या सुरुवातीला झालेल्या पाकिस्तान दौऱ्यानंतर त्याला संघातून वगळण्यात आले. वयाच्या २७ व्या वर्षी त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्यात जमा आहे, असे मानणारे कमी नव्हते.

काउंटी क्रिकेट

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये खेळण्याची भारतीय खेळाडूंची परंपरा जुनी आहे. रणजितसिंहजी आणि त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी ससेक्सकडून, तर थोरले नवाब पतौडी, म्हणजे इफ्तिखार अली खान, वूस्टरशायरकडून खेळले. १९६८ मध्ये परदेशी खेळाडूंच्या नोंदणीचे नियम शिथिल झाल्यावर फारुख इंजिनीयर लँकेशायरकडे आणि त्यानंतर बिशनसिंग बेदी नॉर्दम्प्टनशायरकडे गेले. सुनील गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटकडून, रवी शास्त्री ग्लॅमॉर्गनकडून आणि १९९२ मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून खेळला. कपिल देव यांनीही १९८४ आणि १९८५ मध्ये वूस्टरशायरचे प्रतिनिधित्व केले होते.

काउंटी अजिंक्यपद स्पर्धेतील सामने चार दिवसांचे असतात. २००६ मध्ये स्पर्धेत दोन विभाग होते आणि प्रत्येक संघाला एप्रिल ते सप्टेंबर या काळात १६ सामने खेळावे लागत. त्याखेरीज मर्यादित षटकांच्या स्पर्धा वेगळ्या. परदेशी व्यावसायिक खेळाडूकडून संघाची मोठी अपेक्षा असते. त्याला दर आठवड्याला, थंडी असो वा पाऊस, दीर्घ टप्प्यांत गोलंदाजी करावी लागते. दौऱ्यावरील राष्ट्रीय संघासारखी विश्रांती वा सोबत त्याला मिळत नाही. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू हाताने शिवलेला असून त्याची शिवण ठसठशीत असते. त्यामुळे तो हवेत अधिक काळ वळतो. अशा चेंडूवर नियंत्रण मिळवणाऱ्या गोलंदाजास निव्वळ वेगावर विसंबून राहावे लागत नाही.

झहीरने २००४ मध्ये सरेकडून अल्पकाळ खेळून या क्रिकेटची चव घेतली होती. २००६ च्या हंगामासाठी वूस्टरशायरने त्याला दुसरा परदेशी खेळाडू म्हणून करारबद्ध केले. ही जागा यापूर्वी पाकिस्तानचा शोएब अख्तर याच्याकडे होती.

वूस्टरशायर, २००६

वूस्टरशायरचे न्यू रोड मैदान सेव्हर्न नदीच्या काठी असून समोरच्या तीरावर शहराचे जुने कॅथेड्रल दिसते. हिवाळ्यात नदीच्या पुराचे पाणी वारंवार मैदानात शिरते. संघ त्या वर्षी दुसऱ्या विभागात होता. कर्णधार मूळचा राजस्थानातील उदयपूरचा विक्रम सोळंकी होता आणि ग्रॅम हिकसारखा अनुभवी फलंदाज संघात होता.

सॉमरसेटविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात झहीरने १० बळी घेतले. वूस्टरशायरकडून पदार्पणात १० बळी घेणारा शंभराहून अधिक वर्षांतील तो पहिलाच गोलंदाज ठरला. अर्थात तो सामना वूस्टरशायरने गमावला.

जूनमध्ये एसेक्सविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्यांचे पहिले नऊही गडी स्वतः बाद केले. डावात दहाच्या दहा बळी घेणारा वूस्टरशायरचा पहिला गोलंदाज होण्याची संधी त्याच्यासमोर होती. परंतु यष्टिरक्षकाकडून एक झेल सुटला आणि एसेक्सच्या डॅरेन गॉफ व आंद्रे अॅडम्स या अखेरच्या जोडीने ९७ धावा जोडल्या. १३८ धावांत ९ बळी ही त्या डावातील आकडेवारी त्याच्या संपूर्ण प्रथमश्रेणी कारकिर्दीतील सर्वोत्तम ठरली. कसोटीत तीनशेहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाची एका डावातील सर्वोच्च कामगिरी अशा रीतीने भारताच्या नव्हे, तर एका इंग्लिश काउंटीच्या नोंदवहीत आहे.

हंगामाअखेर अजिंक्यपद स्पर्धेतील १६ सामन्यांत त्याचे ७८ बळी झाले होते. वूस्टरशायरने दुसऱ्या विभागात सरेच्या पाठोपाठ दुसरे स्थान मिळवून पहिल्या विभागात बढती मिळवली. संघातील सहकारी आणि पाठीराखे त्याला ‘झिपी झॅकी’ म्हणू लागले.

गोलंदाजीतील बदल

या हंगामाचे महत्त्व बळींच्या संख्येपुरते मर्यादित नव्हते. कारकिर्दीच्या सुरुवातीला झहीरची धाव लांब होती आणि चेंडू टाकण्यापूर्वी तो उंच उडी घेत असे. त्यातून वेग मिळे, परंतु शरीरावर, विशेषतः मांडीच्या स्नायूंवर ताण येई. सहा महिने सतत गोलंदाजी करायची तर ही पद्धत परवडणारी नव्हती. त्याने धाव आखडती घेतली आणि उडी कमी केली. थोडा वेग गेला, पण दिशा व टप्पा यांवर हुकमत आली आणि दिवसाच्या तिसऱ्या सत्रातही तितक्याच अचूकपणे चेंडू टाकणे शक्य झाले.

दुसरा बदल विचारपद्धतीतील होता. काउंटीत त्याच संघांशी आणि त्याच फलंदाजांशी एका हंगामात दोनदा गाठ पडते. फलंदाजाची दुबळी बाजू ओळखणे, दोन-तीन षटके त्याला एका दिशेने खेळवणे आणि मग वेगळा चेंडू टाकणे, हे तंत्र तेथे अंगवळणी पडते. झहीरच्या उत्तरार्धातील गोलंदाजीत ही आखणी स्पष्टपणे दिसते.

पुनरागमन आणि दुसरा टप्पा

२००६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी झहीरची भारतीय संघात पुन्हा निवड झाली. जोहान्सबर्ग येथे भारताने दक्षिण आफ्रिकेत आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्या सामन्यात श्रीशांतसोबत नवा चेंडू हाताळत त्याने ५ बळी घेतले. मालिका भारताने १–२ अशी गमावली, तरी झहीरचे संघातील स्थान पक्के झाले. देशांतर्गत क्रिकेटमध्ये त्याने त्याच हंगामात बडोदा सोडून मुंबईकडून खेळण्यास सुरुवात केली आणि बंगालविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात ९ बळी घेऊन मुंबईच्या विजेतेपदात मोलाचा वाटा उचलला.

२००७ चा इंग्लंड दौरा हे त्याच्या कसोटी कारकिर्दीतील शिखर मानले जाते. नॉटिंगहॅम येथील ट्रेंट ब्रिज मैदानावरील दुसऱ्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ५९ धावांत ४ आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ बळी घेतले. तो फलंदाजी करत असताना खेळपट्टीवर जेली बीन्स, म्हणजे रंगीत गोळ्या टाकल्या गेल्या होत्या. क्षेत्ररक्षकांच्या या खोडसाळपणावर त्याने मैदानातच संताप व्यक्त केला आणि त्यानंतरच्या डावात इंग्लंडची फलंदाजी मोडून काढली. भारताने हा सामना ७ गडी राखून आणि राहुल द्रविडच्या नेतृत्वाखाली मालिका १–० अशी जिंकली. १९८६ नंतर इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेली ही पहिलीच कसोटी मालिका होती. तीन कसोटींत १८ बळी घेणाऱ्या झहीरची मालिकावीर म्हणून निवड झाली. इंग्लंडकडून हा मान जेम्स अँडरसनला मिळाला. विस्डेन या वार्षिकाने २००८ च्या अंकात वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये त्याचा समावेश केला.

ऑक्टोबर २००८ मध्ये बंगळूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९१ धावांत ५ बळी आणि नाबाद ५७ धावा अशी कामगिरी करून तो सामनावीर ठरला. जानेवारी २०१० मध्ये मिरपूर येथे बांगलादेशाविरुद्ध त्याने दुसऱ्या डावात ८७ धावांत ७ आणि सामन्यात १४९ धावांत १० बळी घेतले. कसोटीतील ही त्याची सर्वोत्तम कामगिरी होय. डिसेंबर २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पहिली कसोटी दुखापतीमुळे त्याला खेळता आली नाही आणि भारत डावाने हरला. दरबान येथे तो परतला, दोन्ही डावांत प्रत्येकी ३ बळी घेतले आणि भारताने ८७ धावांनी विजय मिळवला. त्याच्या उपस्थितीने भारतीय माऱ्यात पडणारा फरक या दोन सामन्यांतून ठळकपणे दिसून आला.

२०११ चा विश्वचषक

भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथे झालेल्या २०११ च्या विश्वचषकात झहीरने ९ सामन्यांत २१ बळी घेतले. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीचेही तितकेच बळी होते. नव्या चेंडूवर आरंभ करणे, मधल्या षटकांत जोडी फोडणे आणि अखेरच्या षटकांत धावा रोखणे अशा तिन्ही जबाबदाऱ्या कर्णधार महेंद्रसिंह धोनीने त्याच्यावर सोपवल्या होत्या. बंगळूर येथे ३३९ धावांचे लक्ष्य गाठण्याच्या बेतात असलेल्या इंग्लंडच्या इयान बेल आणि १५८ धावांवर खेळणारा कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस यांना त्याने लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. तो सामना बरोबरीत सुटला. उपांत्य सामन्यात पाकिस्तानचा शेवटचा गडी मिसबाह-उल-हक याला बाद करून त्याने विजयावर शिक्कामोर्तब केले.

२ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर श्रीलंकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या ५ षटकांपैकी ३ निर्धाव टाकत त्याने केवळ ६ धावा दिल्या आणि उपुल थरंगाला बाद केले. शेवटच्या षटकांत त्याला धावा पडल्या आणि १० षटकांत ६० धावांत २ बळी अशी त्याची अंतिम आकडेवारी राहिली. तरीही आठ वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातील त्या पहिल्या षटकाची आठवण या सुरुवातीने पुसून टाकली. विश्वचषक स्पर्धांत २३ सामन्यांत ४४ बळी घेऊन तो श्रीनाथ यांच्यासह भारताचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. हा विक्रम २०२३ मध्ये मोहम्मद शमीने मोडला.

अखेरची वर्षे आणि निवृत्ती

जुलै २०११ मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी, २ बळी घेतल्यानंतर, हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीने त्याला मैदान सोडावे लागले. ती मालिका भारताने ०–४ अशी गमावली. त्यानंतर त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१२ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेदरम्यान त्याला वगळण्यात आले. २०१३ मध्ये युवराज सिंगसोबत फ्रान्समध्ये शारीरिक तंदुरुस्तीचे विशेष प्रशिक्षण घेऊन तो पुन्हा संघात आला. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्ग येथे जॅक कॅलिसला बाद करून त्याने ३०० कसोटी बळींचा टप्पा ओलांडला. कपिल देव, अनिल कुंबळे आणि हरभजन सिंग यांच्यानंतर ही मजल गाठणारा तो चौथा भारतीय गोलंदाज होता.

फेब्रुवारी २०१४ मधील वेलिंग्टन कसोटी ही त्याची शेवटची ठरली. ब्रेंडन मॅक्युलमने त्रिशतक केलेल्या त्या डावात ३५ वर्षांच्या झहीरने ५१ षटके टाकून १७० धावांत ५ बळी घेतले. ३०२ धावांवर मॅक्युलमलाही त्यानेच बाद केले. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

इंडियन प्रीमियर लीगमध्ये तो रॉयल चॅलेंजर्स बंगळूर, मुंबई इंडियन्स आणि दिल्ली डेअरडेव्हिल्स या संघांकडून एकूण १०० सामने खेळला व त्यांत १०२ बळी घेतले. २०१६ आणि २०१७ मध्ये तो दिल्लीचा कर्णधार होता. पुढे मुंबई इंडियन्समध्ये क्रिकेट संचालक आणि २०२४ मध्ये लखनऊ सुपर जायंट्सचा मार्गदर्शक म्हणून त्याची नियुक्ती झाली.

गोलंदाजीची शैली

झहीर नवा चेंडू दोन्ही बाजूंना वळवू शकत असे आणि जुन्या चेंडूवर रिव्हर्स स्विंग ही त्याची खासियत होती. धावत येताना तो गोलंदाजीचा हात दुसऱ्या हाताने झाकत असे, त्यामुळे चेंडूची चकचकीत बाजू कोणती हे फलंदाजाला अखेरपर्यंत कळत नसे. यष्टीच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे राउंड द विकेट, येऊन डावखुऱ्या फलंदाजांना सतावण्यात तो वाकबगार होता. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅम स्मिथ त्याच्यासमोर वारंवार अपयशी ठरला. मर्यादित षटकांच्या सामन्यांत त्याने बोटांच्या पेरांवर धरून टाकलेल्या संथ चेंडूचा, म्हणजे नकल बॉलचा, प्रभावी वापर केला. मैदानावर मिडऑफला उभे राहून ईशांत शर्मासारख्या तरुण गोलंदाजांना प्रत्येक चेंडूगणिक सूचना देणे, हेही त्याच्या उत्तरार्धातील कार्याचे एक वैशिष्ट्य होते.

आकडेवारी

कसोटी : ९२ सामने, ३११ बळी, सरासरी ३२.९४, डावात ५ बळी ११ वेळा, सामन्यात १० बळी एकदा, सर्वोत्तम ८७ धावांत ७.

एकदिवसीय : २०० सामने, २८२ बळी, सरासरी २९.४३. यात आशिया एकादश संघाकडून खेळलेल्या ६ सामन्यांतील १३ बळींचा समावेश आहे.

आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० : १७ सामने, १७ बळी.

प्रथमश्रेणी : १६९ सामने, ६७२ बळी, सर्वोत्तम १३८ धावांत ९.

कसोटीतील ३११ बळींपैकी २०७ बळी त्याने परदेशांतील ५४ सामन्यांत, तर १०४ बळी मायदेशातील ३८ सामन्यांत घेतले. फिरकीला पोषक अशा भारतीय खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजास मिळणारी संधी मर्यादित असते, हे यामागील एक कारण आहे.

पुरस्कार आणि वैयक्तिक जीवन

झहीरला २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री हा नागरी सन्मान प्रदान करण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचा विवाह ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटातील भूमिकेमुळे परिचित झालेल्या, मूळच्या कोल्हापूरच्या अभिनेत्री सागरिका घाटगे यांच्याशी झाला.

वारसा

झहीरच्या आधी अहमदनगर जिल्ह्याचे नाव राष्ट्रीय क्रिकेटमध्ये क्वचितच ऐकू येई. टर्फ खेळपट्टीविना वाढलेला तालुक्यातील मुलगा भारताच्या जलद माऱ्याचा प्रमुख होऊ शकतो, हे त्याच्या उदाहरणाने सिद्ध झाले. याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यानेही पुढे काउंटीची वाट धरली. २०१९ च्या विश्वचषकासाठी भारतीय संघात निवड न झाल्यावर तो हॅम्पशायरकडून खेळला आणि नॉटिंगहॅमशायरविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यात त्याने शतक झळकावले.

संघातून वगळल्यानंतर काउंटीत जाऊन खेळ सुधारणारा झहीर पहिला वा शेवटचा भारतीय नव्हे. मात्र त्या एका हंगामाने एखाद्या भारतीय गोलंदाजाच्या कारकिर्दीची दिशा किती बदलू शकते, याचे उदाहरण म्हणून २००६ च्या वूस्टरशायरमधील त्याच्या हंगामाचा उल्लेख आजही केला जातो.